आजीची झडती

शिलाई कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायचं काम ती नऊ वर्षं करत होती. सुटीचा भोंगा झाला की एकेक बाई हात वर करून समोर येई, आणि हिची बोटं काखेतून, कमरेवरून, बाहीच्या दुमडीतून फिरत. कधी रीळ निघे, कधी मूठभर बटणं. बायका पाठीमागे तिला 'चाचपणी' म्हणत.

घरी आल्यावर बोटं थोडीच गप्प बसतात? नवऱ्याचे खिसे ती उलटे करी, सासूनं दूध तापवलं की पातेल्यात डोकावे. तोंडानं मात्र अवाक्षर नाही. पाच वर्षांची पोर सासूच सांभाळी; सासू होती म्हणून नोकरी होती.

एका संध्याकाळी ती दारात आली, तर पोरीनं आजीला भिंतीशी उभं केलेलं.

"हात वर. तोंड उघड. जिभेखाली काय लपवलंस?"

"दातसुद्धा राहिले नाहीत गं बये. चोरीचा माल कुठे ठेवू?"

पोर हसली नाही. दोन बोटांनी तिनं आजीच्या कपड्याची शिवण दाबत नेली, अगदी सराईत. चाचपणीनं ती पद्धत लगेच ओळखली. पोर फाटकावर कधीच आली नव्हती. हे सासूनंच शिकवलं असणार, आपल्याला टोमणा म्हणून.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"तूच. आजी आंघोळीला गेली की तू तिची पिशवी बघतेस ना, तशी."

आजीचे वर धरलेले हात सावकाश खाली आले.

"रोज?" तिनं विचारलं.

नऊ वर्षांत ऐकलेल्या सगळ्या थापा चाचपणीला पाठ होत्या. कुठलीही चालली असती. पण पोर तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"रोज," ती म्हणाली.

सासू आत गेली आणि पिशवीत कपडे भरू लागली. "लेकीकडे जाते. किती दिवस ते विचारू नकोस."

"आई, चुकलं माझं. नका जाऊ."

पोर जवळ आली. आईचा चेहरा तिनं खालून वर न्याहाळला.

"आजी, ही खरं बोलतेय?"

"बघू," सासू म्हणाली आणि पिशवीत भरलेली शाल काढून परत खुंटीला अडकवली. तेवढीच.