उजव्या बाजूच्या कळ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, यांच्यापाशी नाही. देवाला सांगायची गरज नव्हती, तो तिथेच होता. होता ना?

हल्ली रत्नागिरीत देव आहे की नाही यावर सभा होतात. आमचे हे ते ऐकून येतात आणि जेवताना मामंजींशी वाद घालतात. काल मामंजी कडाडले, "देव नाही म्हणे! मग पाऊस काय यांचा बाप पाडतो?" हे हसले. तेवढ्यात दाराआडून वन्सं हळूच म्हणाल्या, "देव आहे. मला त्याने स्वतः उत्तर दिलंय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. परकर नेसायच्या वयात विधवा होऊन माहेरी आल्या. चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवून मीच त्यांना वाचायला शिकवलं. माझी चौथी झालेली, तेवढंच माझ्याजवळ होतं. पुढे पुण्याला विधवांची शाळा आहे असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी जायचा हट्ट धरला. मामंजी म्हणाले, "आपण कोण ठरवणार? देवाला कौल लावू."

आमच्या आगरातल्या देवळात गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजव्या अंगाची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या घरच्या सवाष्णीने न्यायच्या, तबकात उजवीकडच्या वेगळ्या, डावीकडच्या वेगळ्या. विधवेचा हात लागायचा नाही. जिच्या जन्माचा प्रश्न, तिने देवळाबाहेर उन्हात उभं राहायचं. याला धर्म म्हणतात!

वैशाख होता. वाटेत फणस उतरवून ठेवलेले, देठातून चीक गळत होता. मी बोट लावलं. मग उजवीकडच्या कळ्यांच्या बुडाला — एकेकीला, नीट — तो चीक लावला.

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. घरचं काम एकटीवर पडेल म्हणून का? तेही होतं. पण खरं म्हणजे, मी शिकवलेली मुलगी माझ्यापुढे निघाली होती. माझी शाळा सुटली तेव्हा कुणी देवाला विचारलंसुद्धा नव्हतं.

गुरव म्हातारा, त्याला धड दिसत नसे. त्याने गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, पोरीनं जावं तर उजवी दे, न्हाय तर डावी दे!" मी पाषाणाकडे बघत होते. मनात म्हणत होते, पाड ना उजवी. एवढं जग चालवतोस, फणसाच्या चिकापुढे हरतोस? पाड, आणि मला उघडी कर!

डावी पडली.

मामंजींना नाही म्हणावं लागलं नाही. यांना लोकांची भीती कबूल करावी लागली नाही. मला माझा मत्सर दाखवावा लागला नाही. आम्हा सगळ्यांचा नकार आम्ही एका दगडाच्या तोंडी घातला. धर्म घरात कशासाठी ठेवतात, ते मला त्या दिवशी समजलं. आणि तो दगड? असलास तर बघत होतास की नाही? एका कळीचं काम होतं रे!

चीक पाण्याने जात नाही, तेल लागतं. मी तिथल्याच समईत बोट बुडवलं आणि पदराला पुसलं.

वन्सं रडल्या नाहीत. घरी येऊन देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. म्हणाल्या, "वहिनी, पुढचं काही संकट असेल. त्याने मला राखलं." त्यानंतर त्यांनी पुस्तक हातात धरलं नाही. रोज देवळासाठी वाती वळतात. मला मात्र त्यांचा राग येतो, हेही लिहिते. त्यांनी त्याला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

काल जेवणं झाल्यावर त्यांनी वाती माझ्यापुढे ठेवल्या. "वहिनी, नेता ना?"

मी नेल्या. लावल्या. तो आहे की नाही ते सभेतले लोक ठरवोत. मी आहे, आणि चीक मी लावला.