सहा पायांचा नर

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी झेंडूच्या वाफ्यात होतो. तिची शेजारीण रडत सांगत होती आणि मी म्हणालो, "थांबा हां, हात धुऊन येतो." काय हे माझं बोलणं! दीड महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ताई माझी थोरली बहीण. नाशकात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत नोकरी, लग्न नाही, आणि वेड कोळ्यांचं. पावसाळा सरत आला की रविवारी बसनं मखमलाबादला आमच्या मळ्यात यायची आणि कुंपणापाशी बादली उपडी घालून दुपारपर्यंत जाळ्यांसमोर बसायची. मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. मी येरझाऱ्या घालायचो, ती सांगत राहायची... जाळ्याच्या मधोमध पांढरी फुली काढून बसते ती मादी. नर तिच्यापुढे तिळाएवढा. तो तिच्या जाळ्याचा तुकडा कापतो, तिथे स्वतःचा धागा ताणतो आणि छेडत बसतो. मर्जी झाली तर ती धाग्यावर येते. मीलन होतं न होतं तोच बहुतेकदा त्याला गुंडाळून खाते.

"नवरे खाणाऱ्या बायका बघत बसतेस, म्हणून तुझं जमलं नाही," मी एकदा म्हणालो. ती हसली. आज माझीच जीभ हासडावीशी वाटते.

नव्वदीच्या अखेरीस एका वर्षी एक नर दोन पाय गमावून सुटला. असा नर त्याच मादीकडे दुसऱ्यांदा येतो का, हेच तिला कित्येक वर्षं डोळ्यांनी बघायचं होतं. तो जाळ्याच्या कडेला थांबला होता. "बाबू, उद्या रजा टाकते. तेवढं कुंपण सोडून फवार हं." मी हो म्हणालो. पण दसरा तोंडावर, झेंडूला अळी... सकाळी पंप पाठीला लावला आणि सवयीनं कुंपणासकट फवारून मोकळा झालो. नऊच्या बसनं ती आली. "मेला का रे तो?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "कोळीच तो, दुसरा येईल." माफी मागायची राहिली ती राहिलीच. तसा नर तिला पुन्हा मिळाला नाही.

यंदा कुंपण फवारलं नाही. बायको म्हणते, अळी पसरेल. पसरू दे! परवा एक नर पाय तुटून सुटला आणि पानाआड थांबला. मी समोर बसलो. बसलो कसला, नुसती चुळबुळ! पाऊण तासानं बायकोनं हाक मारली, म्हणून घोटभर चहा घेऊन आलो. नर नव्हता. पुन्हा धाग्यावर गेला, की तिनं खाल्ला, की निघूनच गेला... कुणाला विचारू? ताई चहाला उठलीच नसती.