शेठचं डोकं

नरोलीच्या त्या धाग्याच्या कारखान्यात नारायणला नारायण म्हणून कुणी हाक मारत नसे. बॉबिनच्या ट्रॉल्या ढकलणारा साधा कामगार, पण नाव पडलं होतं शेठ. कारण उघड होतं. मालकांचं आणि त्याचं तोंड एकाच साच्यातून काढल्यासारखं होतं. तेच रुंद कपाळ, तोच जाड खालचा ओठ, नाकसुद्धा तेच. फरक होता तो मिशीचा. मोठे शेठ सफाचट, नारायणची मिशी भरघोस.

जेवणाच्या सुट्टीत मिशीवर आडवा हात धरून तो शेठची नक्कल करायचा. एकदा ती खुद्द शेठनीच पाहिली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मेरा मुँह लेके घूमता है, तो धो के आया कर." सगळे हसले. नारायणही हसला. त्यानंतर मात्र कामावर येताना गेटाबाहेरच्या नळावर तो तोंड धुऊन मगच आत यायचा.

मग शेठ अचानक वारले. त्यांचा मुलगा गौरवशेठ याने पहिल्या पुण्यतिथीला गेटजवळ वडिलांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. डोकं कॉम्प्युटरवर तयार करायचं आणि मशीनने संगमरवरात कोरून घ्यायचं. त्यासाठी पुण्याहून जुई नावाची मुलगी कॅमेरा आणि दिवे घेऊन आली. तिने सांगितलं, लग्नाकार्यातले फोटो पुरत नाहीत, माणूस समोर बसवून चहूबाजूंनी फोटो घ्यावे लागतात. शेठना तर अग्नी देऊन झाला होता. मॅनेजर उदय साहेब, नाशिकचे, ते म्हणाले, "समोर बसवायला आहे एक जण."

नारायण ठेकेदाराकडून कामाला होता. उद्या येऊ नको म्हटलं की घरी बसायचं. कायम होण्याची वाट बघता बघता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. हे उदय साहेबांना चांगलं माहीत होतं.

"थोडा वेळ खुर्चीवर बसायचं. गौरवशेठ खूश झाले की तुला कंपनीत कायम करून टाकतो."

"खरंच ना, साहेब?"

"मग काय खोटं बोलतोय? फक्त मिशी काढावी लागेल."

नारायण घुटमळला. साक्रीकडच्या गावी त्याचे वडील जिवंत होते. त्यांच्यात बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. त्याने ते चाचरत सांगितलं.

"तुझ्या बापाला इथलं दिसतंय होय?" उदय साहेब म्हणाले.

न्हावी ऑफिसातच बोलावला होता. मिशी गेल्यावर जुईने नारायणच्या तोंडाला पावडर लावली, कारण घाम चमकला की फोटो बिघडतो. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. "भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा. गाल हलवू नका. हलला तर एका फोटोतला गाल दुसऱ्याशी जुळत नाही." मग ती त्याच्याभोवती फिरत राहिली. समोरून, बाजूने, मागून, हनुवटीखालून. फिरताना ती उदय साहेबांशी बोलत होती. "डोकं छान मिळालंय. कान तेवढे वेगळे आहेत, ते मी शेठच्या जुन्या फोटोंवरून करीन."

शेवटी ती म्हणाली, "गौरव सरांना वडील मायाळू दिसायला हवेत."

नारायणने शेठना मायाळू कधी पाहिलं नव्हतं. तसं त्याने सांगितलं.

"मग तुमच्या वडिलांची आठवण काढा," जुई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. नारायणने आठवण काढली आणि त्याचे डोळे भरून आले.

"पाणी नको हो, पाणी चमकतं."

उदय साहेबांनी आपला रुमाल पुढे केला आणि नारायणने डोळे पुसल्यावर म्हणाले, "राहू दे आता तुझ्याकडेच."

नरोलीत साक्रीकडची माणसं पुष्कळ. बातमी गावाला पोचायला वेळ लागला नाही. वडिलांचा फोन आला.

"मी मेलो का रे?"

"नोकरी कायम होणार आहे, बाबा. म्हणून काढली."

"म्हणजे मला मारून मिळाली नोकरी." फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

बायको शोभा एवढंच म्हणाली, "आता कायम झाल्याशिवाय घरात तोंड दाखवू नका." मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून तिने ताट वाढलं.

पुण्यतिथीला पुतळा उघडला. मोगऱ्याचा जाड हार घातला. कामगारांनी रांगेने नमस्कार करायचा होता. पप्पू, नारायणचा ट्रॉलीवरचा जोडीदार, पुतळ्याच्या पाया पडला आणि मागे वळून नारायणच्याही पाया पडला.

"कान तेवढे शेठचे. बाकी माल आपला," तो म्हणाला.

रांगेत खसखस पिकली. "जित्या माणसाला हार घातला की," कुणीतरी म्हणालं. नारायण खुर्च्या मांडत होता. त्याने मान वर केली नाही.

शेठच्या पत्नीला सगळे बा म्हणत. बा पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. डोळ्यांत टिपूस नाही. मग त्या वळल्या, आणि डोक्यावर खुर्ची घेऊन चाललेला, मिशी नसलेला नारायण त्यांना दिसला. त्यांनी झटकन डोक्यावर पदर ओढला.

"एमनी पासे खुरशी ना उपडावो," त्या मुलाला म्हणाल्या. यांना खुर्च्या उचलायला लावू नका. गुजरातीत बाई आपल्या नवऱ्याविषयी बोलते त्या आदराने त्यांनी नारायणला 'एमनी' म्हटलं होतं, सगळ्या कामगारांच्या देखत. आणि मग त्या रडू लागल्या. रांगेतलं हसू थांबलं. गौरवशेठचा चेहरा काळा पडला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच नारायणला अडवलं. उदय साहेब बाहेर आले.

"तुला आत घेता येणार नाही. बा पुन्हा आल्या तर?"

"साहेब, तुम्ही कायम करतो म्हणाला होता."

"गौरवशेठ खूश झाले तर, असं म्हणालो होतो. झाले का ते खूश?"

"मी मिशी वाढवतो, साहेब. वाढेपर्यंत मागे, गोदामात काम करतो."

"तुझ्या तोंडाचं काय करणार?"

ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कारखान्यातही लावलं नाही. त्या शेठचं तोंड घेऊन फिरणारा माणूस ठेवून आपण कशाला वाकडेपणा घ्यायचा, असं तो शोभाला म्हणाला. नारायण सिल्वासात हमाली करू लागला, मिळेल तेव्हा.

पुढे कानावर आलं, की किलवणीच्या रस्त्याला कंपनीचा नवा कारखाना होतोय आणि तिथेही शेठचा पुतळा बसणार आहे. या वेळी आधी कागदावर लिहून घ्यायचं आणि मगच खुर्चीवर बसायचं, असं त्याने शोभाला सांगितलं. तीही हो म्हणाली. तो गेटसमोर जाऊन उभा राहिला. उदय साहेबांची गाडी बाहेर आली, काच खाली झाली.

"साहेब, पुतळ्यासाठी बसायला तयार आहे मी. फक्त या वेळी कायमचं लिहून द्या."

उदय साहेबांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते हसले, पण कुत्सितपणे नाही.

"अरे, तुझी काय गरज? डोकं आहे आमच्याकडे."

काच वर गेली. वॉचमन काठी हलवत जवळ आला. "बाजूला हो. बांची गाडी यायचीय."

नारायण भिंतीला लागून उभा राहिला.

"तिकडे तोंड कर," वॉचमन म्हणाला.

त्याने केलं.