तांबीची भाकरी

दुपारच्या भोंग्याला अजून अवकाश होता. मी लेथवर वाकलेलो होतो आणि फाटकावरचा शिपाई आमच्या खात्याच्या दारात येऊन उभा राहिला. फाटक सोडून तो सहसा कुठे जात नसे, म्हणून मीच मशीन बंद केलं. "तुमच्या घरमालकांचं... गेनबांचं कळलं का?" एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळी ज्यांच्या हातून मी भाकरीची ताटली घेतली होती त्यांचं आता काय कळायचं राहिलं होतं? त्यांची त्या दिवशी सुट्टी होती. छातीत कळ आली आणि माणूस ओसरीवरच गेला, डॉक्टर यायच्या आत. मी तसाच तेलकट हातांनी चिंचवडगावाकडे सायकल हाणली, आणि खरं सांगायचं तर वाटेत माझ्या मनात गेनबामामांच्या आधी त्यांच्या कुत्रीचा विचार आला. आज तांबीला खायला कोण देणार, हा. त्याची लाज मला घरी पोचेपर्यंत वाटत राहिली, आणि आज महिना उलटला तरी ती गेलेली नाही.

कोकणातून मी इथे नोकरीला आलो तेव्हा कामगारांच्या चाळी बांधून व्हायच्या होत्या. गेनबामामांच्या घरातली ओसरीलगतची खोली मला भाड्याने मिळाली. मामा मूळचे शेतकरी. त्यांचं रान कारखान्यात गेलं आणि त्याच रानाच्या फाटकावर त्यांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. जिथे नांगर धरला तिथे खाकी घालून उभं राहायचं, याचं दुःख करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांना जे खात होतं ते निराळंच होतं आणि ते मला सुरुवातीला उमगलं नाही. मला दिसलं ते इतकंच, की हा उंचापुरा माणूस रोज कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशी चिंचेच्या आडोशाला थांबतो, खाकी सदरा काढून पिशवीत कोंबतो आणि बंडीवर घरी येतो. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसून घेतलं. शेवटी मामींना विचारलं तेव्हा त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "कुत्री भिती खाकीला. म्हून ह्यांचं ह्ये सोंग."

ती कुत्री म्हणजे गोठ्यात, उभ्या करून ठेवलेल्या बैलगाडीखाली, अगदी मागच्या भिंतीला चिकटलेलं एक तांबूस मुटकुळं. मी खोली घेतली त्याच्या आदल्याच आठवड्यात मामांनी तिला पोत्यात घालून घरी आणलं होतं. माणूस गोठ्यात शिरला की ती थरथरायची, आणि कुणी हात पुढे केला तर बसल्या जागी मुतायची. मामांना बघून तर अशी आकसायची, की मला वाटलं, या माणसानेच तिला बदडली असणार. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मामा जे म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"मारली न्हाई. मारली असती तर बरं झालं असतं. कारखान्यापायी वस्ती उठली तवा लोकं गेली आन् कुत्री मागं ऱ्हायली. मी फाटकावर बसून माझ्यातलीच भाकर त्यास्नी टाकायचो. मंग एक कुणाला तरी चावलं. साहेब म्हनला, गेनबा, तुझ्या हाकेला येत्यात, तूच उरक. माझीच भाकर, माझ्याच बोटांनी कुस्करली, औषिद त्यातच कालवलं. यू यू म्हनलं आन् समदी आली, राव... शेपट्या हालवत आली. दुसरा कुणी असता तर यातलं एक बी आलं नसतं. हिनं तेवढं ओकून टाकलं. सकाळच्याला सिमिटाच्या पायपात घावली."

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. रान गेलेलं, आता नोकरीही गेली असती. हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्याचा आधार घेताना मी त्यांना ऐकलं नाही.

तिला माणसांत आणायचं त्यांनी मनावर घेतलं खरं, पण कसं आणायचं हे त्यांनाही कळत नव्हतं. आधी ते स्वतःच गोठ्यात तळहातावर भाकरी धरून तासन् तास बसले. ती उपाशी राहिली, पण पुढे आली नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. ओसरीवर मांडी घालून, भाकरी बांधायचं आपलं फडकं मांडीवर पसरून, त्यांनी आपल्या जेवणातून राखून ठेवलेली अर्धी भाकरी बोटांनी बारीक कुस्करली, ताटलीत ओतली, वर थोडं दूध घातलं आणि ताटली माझ्या हातात दिली. "तू दे. तुजा हात कोरा हाय." स्वतः मात्र दाराआड जाऊन बसले, तिला दिसू नये म्हणून. मी ताटली ठेवली आणि पाठ फिरवली. थोड्या वेळाने लपलप ऐकू आली. दाराआडून मामांनी हळूच विचारलं, "खाल्लं का रं?" मी म्हणालो, "खाल्लं, मामा."

तेव्हापासून हा नेमच झाला. आम्ही घरी परतल्यावर वाजणारा संध्याकाळचा भोंगा झाला की ती पूर्वी गाडीखाली डोकं खुपसायची. मामांनी ताटलीची वेळ बरोबर भोंग्याला धरली, आणि पावसाळा संपायच्या आत भोंगा झाला की ती गोठ्याच्या दारापर्यंत यायला लागली. मामी विहिरीवर निघाल्या की तिला दोरीने सोबत घ्यायच्या, कळशी खणखणली की ती बिचकायची, तेव्हा थांबायच्या, रागवायच्या नाहीत. गल्लीत मामांनी घरोघर जाऊन सांगितलं, की तांबी समोर आली की तिच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि वाकून हात लावायचा नाही. शेजारच्या सरूबाई म्हणाल्या, "कुत्रीपायी आमी आता आंधळं व्हयाचं का, भावजी?" पण त्याच सरूबाई पुढे तिला बघून तोंड वळवून उभ्या राहायच्या आणि ती जवळून वास घेऊन गेली की कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या. मालगाड्या, कारखान्याचे ट्रक, वाण्याच्या दुकानातली गर्दी... एकेक गोष्ट तिच्या अंगवळणी पडत गेली. फावल्या वेळी मामा हेच करत. माणसं म्हणायची, गेनबाला कुत्रीचं खूळ लागलंय.

आणि कुत्रीला माझं खूळ लागलं. त्या ताटलीतला घास तिने माझ्या तळहातावरून पहिल्यांदा उचलला तेव्हा मी असा हरखलो, की ओरडूनच मामांना सांगितलं. ते दाराआडून म्हणाले, "ब्येस झालं." आवाज आनंदाचाच होता, पण दार त्यांनी आणखी ओढून घेतलं. मी काय केलं होतं? काहीच नाही. माझ्याकडून तिचं काही वाईट झालं नव्हतं, एवढंच माझं भांडवल. ती माझ्या सायकलमागे कारखान्यापर्यंत यायची. फाटक दिसलं, तिथे खाकीतले मामा दिसले, की बाभळीपाशी थांबायची आणि मागे वळायची. मामा फाटकावरून ते रोज बघायचे. मी त्यांच्या शेजारून आत जाताना नजर चुकवायचो. दुसऱ्याच्या पानातलं आपण खातोय असं वाटायचं, आणि आवडायचंही. दोन्ही खरं आहे.

मामांना एकच गोष्ट हवी होती. "एकदा माझ्या हातनं घास घेऊ दे. मंग मी सुटलो," असं ते म्हणायचे. वर्षं गेली. गल्लीतली सगळी पोरंटोरं तिच्या अंगावर लोळू लागली, मामी तिच्या कानातल्या गोचिड्या काढू लागल्या, पण मामा हात पुढे करायचे आणि ती चार पावलं मागे सरायची. एकदा मामा तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा ती उंबऱ्यापाशी येऊन पडून राहिली. त्यांनी हात लांबवला, तशी उठून अंगणात गेली. मामांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी ताटली देताना ते म्हणाले, "आज उंबऱ्याच्या आत आली व्हती." मी म्हटलं, "घेईल, मामा, घासही घेईल." "व्हय... घेईल," ते म्हणाले आणि दाराआड जाऊन बसले.

मामा गेले त्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारून आलेली भाकरी मी कुस्करली, दूध घातलं. तांबीने हुंगली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, जनावराला कळतं, दुःख करतेय. मी घास हातावर घेतला, माझ्या ज्या हाताची एवढी मिजास होती त्याच हातावर. तिने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. पुढेही ती कुणाच्या दारात दिलेल्या तुकड्यावर जेमतेम जगत होती. बरगड्या दिसायला लागल्या.

दहाव्याचं उरकून, पवना नदीवरून सगळे परतल्यावर मामींना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी खुंटीवरचं मामांचं फडकं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "ह्याच्यात कुस्कर." ते धुतलेलं नव्हतं, शेवटच्या दिवसाचा चुरा अजून त्याच्या घडीत होता. मी त्यात भाकरी कुस्करली, फडक्याने चांगली चोळली आणि ताटलीत ओतली. तांबीने हुंगली. पुन्हा हुंगली. आणि ताटली जमिनीवर सरकेपर्यंत चाटून खाल्ली.

मी तिथेच ओट्यावर बसलो. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, की मामांना दाराआड लपवून आम्ही तिला फसवलं. कुत्र्याच्या नाकापासून कोण काय लपवणार? पहिल्या संध्याकाळपासून तिला ठाऊक होतं भाकरी कुणाच्या बोटांची आहे. ज्या बोटांच्या वासाची भाकरी खाऊन तिची सगळी सोबत मेली, त्याच बोटांची भाकरी ती रोज खात होती. हात पुढे आला की अंग भ्यायचं, ते तिच्या हातात नव्हतं. पण घास ती मामांचाच घेत होती. माझा कधीच नव्हता. आणि हे वेळेवर कळलं असतं तर सांगायला मी रोज त्यांच्यापासून एका दाराच्या अंतरावर होतो. मामींना सांगितलं, तेव्हा त्या फडक्याची घडी करत एवढंच म्हणाल्या, "आता कुणाला सांगतोस, भाऊ."

ते फडकं मामी धुवत नाहीत. पण रोज माझेच हात त्याला लागतात, त्यातला मामांचा वास किती दिवस पुरणार, मला ठाऊक नाही. तांबी तोवर माझ्या हातच्या भाकरीलाही सरावेल, असं मामी म्हणतात. काल संध्याकाळी भोंगा झाला. मी ओसरीवर मांडी घालून फडक्यात भाकरी कुस्करली, ताटली ठेवली आणि सवयीने पाठ फिरवली. लपलप ऐकू आली आणि ताटली रिकामी झाल्यावर थांबली. आतून कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी दाराकडे तोंड करून म्हणालो, "खाल्लं, मामा. तुमच्या हातचं खाल्लं."