परत आलेले ग्लास

मावशींनी जन्मात वाइनचा एक घोट घेतला नव्हता. तरी समारंभाला कुठली वाइन ठेवायची हे केटरिंगचे मालक त्यांना विचारल्याशिवाय ठरवत नसत. मावशींचं काम ग्लास धुण्याचं. एकोणीस वर्षं त्या एकाच बेसिनपाशी उभ्या होत्या.

समारंभातले ग्लास परत आले की धुवायच्या आधी त्या ते ओट्यावर ओळीनं मांडत आणि कशात किती उरलंय ते बघत. पाहुणा माणूस यजमानासमोर पहिल्या घोटाला 'वा' म्हणणारच, त्याच्या चेहऱ्यावर काय जायचं! गोड वाइनचा पहिला ग्लास संपतो, दुसरा तसाच परत येतो. फार आंबट असली की ग्लास अर्ध्यावर अडतो. आणि एखादी साधीसुधी, फिकी लाल, जरा गार केलेली असली, तर ग्लासाच्या तळाशी नुसतं कडं उरतं.

एकदाच त्या तोंडावर आपटल्या. हॉलच्या एका कोपऱ्यातून एका भारी वाइनचे सगळे ग्लास कोरडे ठणठणीत आले. मावशींनी छातीठोकपणे सांगितलं, हीच घ्या. पुढच्या समारंभात त्या बाटल्यांना कुणी विचारेना. मग उलगडा झाला, त्या कोपऱ्यात कुंड्या होत्या. हॉलचा माळी आठवडाभर विचारत फिरत होता, झाडांना झालंय तरी काय म्हणून. तेव्हापासून मावशी आधी माती बघायच्या, मग ग्लास.

मावशींचा थोरला भाऊ बँकेतून साहेब होऊन निवृत्त झालेला. त्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण याच केटररकडे ठरलं, गावात याच्याइतका चांगला दुसरा नव्हता म्हणून. वाइनची चव बघायला यायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो मावशींच्या घरी आला. चहाचा कप बशीत गोल गोल फिरवत बसला.

"उद्या विहीणबाई येणार आहेत बरोबर," शेवटी म्हणाला. "तू जरा आतच राहा."

"आणि लग्नात?"

"लग्नात तू मुलीची आत्या. पुढच्या खुर्चीत बसायचं. फक्त कामाचं काही काढू नकोस म्हणजे झालं."

मावशी "बरं" म्हणाल्या. तो गेल्यावर तो एक कप त्या कितीतरी वेळ घासत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या खोलीत भाऊ, विहीणबाई आणि मालक बसले. तीन बाटल्या उघडल्या, सोबत चीज, भाजलेले बदाम, कोंबडीचे तुकडे. भावानं त्यातली सगळ्यात महाग, काळपट लाल वाइन पसंत केली. विहीणबाई म्हणाल्या, "छान आहे." अर्ध्या तासानं मालक आत बेसिनपाशी आले.

"मावशी, ग्लास उचलायला चला. आणि नजर टाका."

"आज दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसऱ्या कुणाला काय कळतंय त्यातलं?"

ऑफिसात बसलेला माणूस मावशींचा कोण, हे मालकांना माहीत नव्हतं. मावशींनी ट्रे उचलला.

त्या ऑफिसात आल्या तसा भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. विहीणबाईंचा काळपट लाल ग्लास जवळजवळ भरलेला होता, फिका लाल संपलेला. भावाचा काळपट लाल मात्र रिकामा, अगदी कोरडा. मावशींची नजर सवयीनं खाली गेली. त्याच्या खुर्चीला लागून रबराच्या झाडाची कुंडी होती. सकाळी या खोलीचा केर काढताना मावशींनी पाहिली तेव्हा तिची माती कोरडी भुगा झालेली होती. आता ती काळी ओली दिसत होती.

"या आमच्या मावशी," मालक म्हणाले. "यांनी मान हलवल्याशिवाय आम्ही बाटली आणत नाही. सांगा मावशी."

"त्यात सांगायचं काय?" भाऊ घाईनं म्हणाला. "माझा ग्लास बघा ना. थेंब उरला नाही."

मावशींनी एक बोट कुंडीकडे केलं असतं तरी पुरलं असतं.

"तुम्हीच सांगा हो," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः कुठली घेता?"

"मी घेत नाही," मावशी म्हणाल्या. "मी ग्लास धुते." भावाच्या मानेची शीर ताठ झालेली त्यांना दिसली, पण आता शब्द तोंडातून गेलेला होता. "दुपारचं जेवण, उकाडा असणार. दीडशे माणसं, त्यात निम्मी वयस्कर. ही काळपट जड आहे. नाव मोठं, पण अर्धी बेसिनमध्ये जाते. फिकी लाल ठेवा, जरा गार करून. जोडीला पांढरी, फार आंबट नको." मग थांबून म्हणाल्या, "साहेबांना आवडलीय, तर त्यांच्यापुरत्या या काळपटच्या चार बाटल्या बाजूला काढू."

विहीणबाई मोकळेपणानं हसल्या. "मलाही ती फिकीच आवडली होती. म्हटलं, एवढी महागाची, नको कसं म्हणायचं?"

भाऊ हसला नाही. त्यानं कुंडीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिनं ग्लास ट्रेमध्ये रचायला घेतले होते. लहानपणी ताटातलं नको ते तो खिडकीतून भिरकावायचा तेव्हाही ही अशीच गप्प राहायची.

"चार कशाला, एकही नको," तो म्हणाला. "मला पित्त होतं त्यानं. हिला ठाऊक आहे ते." घसा साफ करून त्यानं पुढचं सांगितलं, "बहीण आहे माझी. धाकटी."

"अहो, मग मघापासून उभं का ठेवलंत त्यांना?" विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा हो तुम्ही."

मावशी बसल्या, पण हातातल्या ट्रेचं काय करावं ते त्यांना सुचेना. टेबलावर तर बाटल्यांची दाटी. भावानं हात पुढे करून तो घेतला आणि उष्ट्या ग्लासांसकट मांडीवर धरून बसला, नीट, दोन्ही हातांनी.

"दादा," मावशी हळूच म्हणाल्या, "जाताना त्या झाडाला बादलीभर पाणी घाल."