सुमतीताई, थांबा ना

ह्या ग्रुपवरचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि बऱ्याचदा हसते, हे आधीच सांगून टाकते. भुताखेतांवर, करणी-बिरणीवर माझा काडीचा विश्वास नाही. महाड एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. जुळत नसेल तर कुठेतरी चूक आहे, एवढंच मला कळतं. ही गोष्ट मात्र काही केल्या जुळत नाही…

आमचं घर पोलादपूरच्या जरा बाहेर, महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून खाली उतरलं की लागतं. आजूबाजूला दुसरं घर नाही. हे मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. गणपतीला आले तेव्हा ह्यांनी आईंच्या फोनमध्ये भजनांचं एक ॲप टाकून दिलं. म्हणाले, "तुझा वेळ जाईल." वेळ गेलाच म्हणा, सगळाच गेला.

ॲपने नाव विचारलं, ह्यांनी भरलं. तेव्हापासून त्यातली बाई गोड आवाजात "सुमतीताई, सुमतीताई" करायला लागली. एक भजन संपलं की आपोआप दुसरं. बंद करायला गेलं की दोन बटणं यायची. एक भलंमोठं, भगवं – 'आणखी एक ऐकते'. त्याखाली राखेसारखी पुसट अक्षरं – 'नको, मला देवासाठी वेळ नाही'. आता हे माझ्या सासूने दाबायचं? तिन्हीसांजेला दिवा चुकला तर जिला जेवण जात नाही, त्या बाईने? मी म्हणायचे, "आई, दाबा हो, देव काय मोबाईलमध्ये बघत बसलाय?" त्या म्हणायच्या, "तू दाब. माज्या हातून नाय व्हायचं."

मी ऑफिसला गेले की ते दिवसभर चालूच. भात करपायचा, गाय दाव्याला हंबरत राहायची. आणि मी घरी येऊन बंद केलं, तरी थोड्या वेळाने फोन आपणहून बोलायचा – "सुमतीताई, थांबा ना. कुठे निघालात?" मला चीड यायची, पण त्यात अमानवीय काही नव्हतं. धंदा आहे त्यांचा. माणूस जितका चिकटून राहील तितकी कमाई.

मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी कुडपणहून फोन आला. आईंची थोरली बहीण, अक्का, तिथे डोंगरावर दिलेली. तिचा मुलगा बोलत होता. "मावशे, आजच निघ. आय तुजंच नाव घेत हाय. उद्याचं काय सांगवत नाय." आईंनी घाईघाईने साडी बदलली, अक्काच्या तोंडात दोन घोट जावेत म्हणून पेज करून डब्यात भरली. दुपारची एसटी गाठायची होती.

अंगणात आलो आणि घरातून आवाज आला. "सुमतीताई, थांबा ना."

आई जागच्या जागी थांबल्या. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. आलीच हाक, तर परत आत जायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. मी म्हटलं, "आई, फोन आहे तो." "हाक ती हाक गो," म्हणाल्या आणि आत जाऊन टेकल्या. त्या पाणी पीत होत्या तेवढ्यात मी फोन स्विच ऑफ केला.

कुंपणाशी पोचलो आणि पुन्हा तीच हाक. आई पुन्हा आत. फोन उचलला तर स्क्रीन काळी, बंदच होता. मी तो चालू करून ते ॲपच काढायला घेतलं. 'खरंच सोडून जाता?' असं विचारून 'राहू द्या' ठळक आणि 'काढा' कुठे तर कोपऱ्यात! काढलं एकदाचं. फोन पुन्हा बंद करून माझ्या पर्समध्ये कोंबला, दाराला कुलूप घातलं. आता बोललाच तर माझ्या काखेतून बोलेल, मागून हाक तरी नको, असा माझा हिशोब.

वर रस्त्याला लागतच होतो. एसटीचा हॉर्न ऐकू आला. आणि मागून, आमच्या कुलूपबंद घरातून – "सुमतीताई, थांबा ना. कुठे निघालात?"

पर्स काखेत होती, गप्प. आई वळल्या तसा मी त्यांचा हात धरला, "आई, गाडी जाईल." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्काकडं जाताना अपशकुन नको गो. माज्यापायी तिला काय झालं तर?" परत कुलूप काढलं. मी घरभर फिरले, न्हाणीत बघितलं, माळ्यावर बघितलं. टीव्ही बंद, रेडिओ आमच्याकडे नाहीच. आई पाणी प्यायल्या. एसटी गेली.

पुन्हा निघालो आणि अंगणातच हाक आली. ह्या वेळी आई वळल्या नाहीत. "आपलं मानूस येवडं अडवत नाय," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. हाका येतच राहिल्या. आम्ही लांब गेलो तरी आवाज बारीक झाला नाही, हे रस्त्यावर मिळालेल्या जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मग मला खरी भीती वाटली.

कुडपणला पोचलो तेव्हा पडवीत माणसं जमली होती. अक्काचा मुलगा पुढे आला. "आत्ताच गेली गो मावशे. दाराकडंच बगत व्हती." अक्काचं अंग अजून गरम होतं. आईंनी पेजेचा डबा तिच्या उशाशी ठेवला आणि मग त्या रडल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर हाक आलेली नाही. ह्यांनी फोन जाणकार माणसाला दाखवला, त्याला काही सापडलं नाही. मला भास झाला म्हणाल, तर तो दोघींना एकदम कसा?

परवा तांदूळ निवडता निवडता आईंनी विचारलं, "त्या बाईला माजं काय हवं व्हतं गो?"

फोनमधल्या बाईला काय हवं होतं ते मी सांगू शकते. पण त्या घरात फोन नव्हता. तिथून कोण बोलत होतं आणि अक्काच्या वाट्याचा तेवढा वेळ घेऊन त्याने काय केलं, हे आईंना काय सांगू… मला खरंच माहीत नाही.