रोखीचा शेजारी

१८ मार्च २०२३ रोजी श्रीराम पेंडसे यांनी एकतीस हजार चारशे ऐंशी डॉलर एकरकमी मोजून पिकअप ट्रक घेतला. त्यात घालून न्यावं असं त्यांच्याकडे काहीही नव्हतं. पहिल्या खेपेला दीड तासावरच्या इंडियन स्टोअरमधून तांदळाची एक गोणी आणि हिंगाची डबी आली. डबी मागच्या उघड्या हौद्यात घरापर्यंत खुळखुळत राहिली. पण बेल्फोर्डमध्ये पुरुषाकडे ट्रक असतो, म्हणून तो पेंडशांकडेही हवा होता.

बेल्फोर्ड हे अलाबामाच्या पोटातलं गाव. सिग्नल एक, चर्चं सात. पेंडसे सव्वीस वर्षं सांता क्लाराच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होते. फ्रीमाँटचं टाउनहाउस विकून आलेल्या पैशांत इथे एकरभर गवतासकट घर आलं आणि वर म्हातारपणाची सोय झाली. एवढं कारण कोणालाही पुरलं असतं. पेंडशांना ते हलकं वाटलं. त्यांनी फ्रीमाँटभर सांगितलं, की आपण स्वस्त घरासाठी नव्हे, खऱ्या अमेरिकेत राहायला चाललो आहोत; फ्रीमाँटमध्ये काय, शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात पडलं तरच त्याचं नाव कळतं.

मग गावकरी होण्याचं काम त्यांनी वार्षिक ऑडिटसारखं हाती घेतलं. संध्याकाळी पाच ते सहा ओसरीवर बसायचं, हे ठरलेलं. डास चावले तरी सहाच्या आधी उठायचं नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हे त्यांनी गॅरेजमध्ये उभ्या ट्रकमध्ये बसून घटवलं. शुक्रवारी शाळेच्या फुटबॉलला शाळेच्या रंगाची टोपी घालून जायचे. खेळातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे लोक उठले की उठायचे आणि बसले की बसायचे. गुडघे दुखायला लागले ते त्या हंगामात.

गावाचं खरं दप्तर मात्र मिस लुरीनच्या खानावळीत होतं. तिथे सकाळी सहाला खिडकीजवळच्या गोल टेबलाभोवती पाच म्हातारे जमत. त्या टेबलाचं कोणाला आमंत्रण नसे. एखाद्या दिवशी कोणीतरी पायाने खुर्ची ढकलायचा, आणि झालं. पेंडसे तीन महिने काउंटरवर एकटे बसून वाट बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी ग्रिट्सवर, म्हणजे मक्याच्या रव्याच्या खारट लापशीवर, शिरा समजून दोन चमचे साखर घातली, तेव्हा टेबलावरचे पाचही जण खाणं थांबवून बघत राहिले. त्या साखरेवर पुढे रोज चेष्टा होत राहिली, आणि त्या चेष्टेच्या ओघातच एकदा त्यांच्यातल्या हॉइट टॅकेटने पायाने खुर्ची ढकलली. पेंडशांनी बॉथेलला राहणाऱ्या लेकीला फोन केला. अनिका म्हणाली, "दॅट्स नाइस, बाबा. मी मीटिंगमध्ये आहे." बढतीची पत्रंसुद्धा पेंडशांनी इतक्या आनंदाने कधी कळवली नव्हती.

सुलेखाबाईंना यातलं काहीच करावं लागलं नाही. मिस लुरीन, मिस नडीन यांतलं 'मिस' म्हणजे आपलं 'काकू'च, हे त्यांना आठवड्यात कळलं. त्याच ग्रिट्सला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्यांनी उपमा केला आणि वाडगाभर शेजारी नडीनला, म्हणजे हॉइटच्या बायकोला, नेऊन दिला. वाडगा टोमॅटो घेऊन परत आला, लिंबाचं लोणचं घेऊन पुन्हा गेला, आणि तेव्हापासून तो रस्त्यावरच आहे. आता कोणाचं कोणाकडे राहिलं, असं पेंडशांनी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही आत्ता आमटी खाताय तो वाडगा नडीनचा आहे, जपून घासा.

पुढच्या वसंतात वादळ झालं आणि ओकची अर्धी फांदी पेंडशांच्या गाडीरस्त्यावर आडवी पडली. पेंडसे फोनवर तीन कंपन्यांचे दर विचारत असतानाच हॉइट करवत घेऊन आला. तो एकाहत्तर वर्षांचा, कागद कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. बोलावलं नव्हतं, विचारलंही नाही. तीन तासांत त्याने फांदीचे ओंडके केले, रचून ठेवले, दोन ग्लास थंड चहा प्यायला आणि गेला.

पेंडसे पाकीट घेऊन मागे धावले. हॉइटने मान हलवली. पेंडशांना वाटलं, संकोच असेल. त्यांनी तिन्ही दरांची सरासरी काढली, ओळखीची सूट वजा केली आणि दोनशे डॉलर पाकिटात घालून हॉइटच्या दाराच्या फटीतून आत सरकवले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. कोणाचं काही ठेवायचं नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. ते फारसं कोणाच्या उपयोगी पडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सकाळी हॉइटने टेबलावर त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. झाडकाम, दोनशे डॉलर, पूर्ण चुकते, खाली सही. पेंडशांना इतका आनंद झाला, की त्यांनी कागद दोनदा वाचून नीट घडी घातली. असा पद्धतशीर माणूस या गावात असेल असं वाटलं नव्हतं, हेही बोलून दाखवलं. टेबलावर कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून ते 'सर' झाले. गुड मॉर्निंग, सर. हवा छान आहे, सर. साखरेची चेष्टा थांबली. ते आले की बोलणं पावसावर यायचं आणि ते उठले की मागे हशा पिकायचा. खुर्ची कोणी काढून घेतली नाही. फक्त ती ढकलत कोणी नव्हतं. सहाव्या आठवड्यात पेंडसे आपण होऊन काउंटरवर जाऊन बसले. कोणी हाक मारली नाही. ते टेबल गेलं, तर खरी अमेरिका म्हणजे एकरभर गवत आणि डास एवढंच उरत होतं, आणि फ्रीमाँटला फोन करून तसं सांगायची त्यांची छाती नव्हती.

शेवटी त्यांनी बायकोला पावती दाखवली. सुलेखाबाईंनी ती वाचली आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की पेंडशांनी नजर खाली घातली.

"अहो, पुण्याला तुमच्या वडिलांच्या तेराव्याला शेजारचे करमरकर वाढायला उभे राहिले होते. त्यांच्या हातावर मजुरी ठेवली होतीत का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? त्यांनी नेसलेलं सोवळं?"

जूनमध्ये गवत कापायचं यंत्र अर्ध्या अंगणात धाड करून थांबलं. हॉइट आपल्या ओसरीवर बसून बघत होता. पेंडशांनी सवयीने कंपनीचा नंबर काढला, खिडकीत उभ्या सुलेखाबाईंकडे पाहिलं, आणि फोन खिशात घातला. कुंपणापर्यंतचं अंतर चालून जाताना त्यांना पहिल्या मुलाखतीइतका घाम आला.

"हॉइट, यंत्र बंद पडलंय. मला त्यातलं काही कळत नाही. बघता का जरा?"

हॉइट सावकाश म्हणाला, "माझा दर ठाऊक आहे ना, सर? दोनशे."

"तेवढे नाहीत माझ्याकडे."

ही धडधडीत थाप होती. हॉइटने मागे उभ्या चकचकीत ट्रककडे पाहिलं, मग पेंडशांकडे.

"मग उधारीवर करावं लागेल."

"चालेल," पेंडसे म्हणाले. हा शब्द या बाबतीत त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारला.

यंत्राचा पट्टा तुटला होता. हॉइट बाजारात जाऊन नवा घेऊन आला, बिल स्वतःच्या खिशात घातलं आणि गवतात आडवा झाला. पेंडशांचा हात दोनदा पाकिटाकडे गेला. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून सुलेखाबाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास दिले.

दुसऱ्या दिवशी काउंटरकडे निघालेल्या पेंडशांच्या वाटेत एक खुर्ची सरकत आली. हॉइट टेबलाला कालची हकीकत सांगत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे पेंडशांनी यंत्राचं तोंड कुठल्या बाजूला असतं असं विचारलं होतं आणि उधारी मागताना डोळ्यांत पाणी आणलं होतं. दोन्ही खोटं होतं. सगळे टेबलावर हात आपटून हसले. पेंडसे ते दुरुस्त न करता बसले आणि त्यांनी अंडी मागवली.

पट्टा तेवीस डॉलर चाळीस सेंटचा होता. ते पैसे पेंडशांनी अजून दिलेले नाहीत.